आत्याचं तेल आणि तीस उंदीर

४ जून

प्रिय आत्या,

आधी खुर्चीत बस, चष्मा लाव आणि मगच पुढे वाच. बसलीस? तुझ्या तेलाची परीक्षा मंजूर झाली!

मी माझ्या संशोधनात सूज आणि दुखणं उतरवणाऱ्या जुन्या घरगुती वनस्पती तपासते, हे तुला ठाऊकच आहे. यादीत अकरा झाडं होती, सगळी ग्रंथातून काढलेली. बाराव्या जागेवर मी गुपचूप तुझी वेल घातली. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी यादीवर बोट ठेवून विचारलं, "गुडघी? हे कुठलं नाव?" मी म्हटलं, शास्त्रीय नाव जिभेला गाठ पाडणारं आहे, पण आमच्या घरात तिला गुडघीच म्हणतात, कारण माझी आत्या ती सगळ्या गल्लीच्या गुडघ्यांना लावते. मॅडम हसल्या. त्या वर्षातून एकदा हसतात, यंदाचं हसू तुझ्या खात्यावर गेलं.

परीक्षा अशी. उंदराच्या कानाला एक झोंबणारं औषध लावलं की कान सुजून जाड होतो. मग त्यावर तेल चोळायचं आणि चार तासांनी एका बारीक मापयंत्राने कानाची जाडी मोजायची. गुडघा का नाही, असं तू विचारशीलच. उंदराचा गुडघा शोधायला भिंग लागतं, म्हणून कान.

मला दोन किलो ताजी पानं हवीत आणि तुझी तेलाची कृती. कृतीत "अंदाजाने" हा शब्द एकदाही यायला नको. फोन करत नाही, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने जुळवतेस. पानांबरोबर पत्र पाठव.

आत्या, मला रात्रभर झोप नाही. सगळ्यांना दाखवून देऊ आपण!

तुझी,
भिंगरी

९ जून

भिंगरे,

पत्र वाचून मी खुर्चीतून उठले ती अजून बसलेली नाही. शेजारच्या शिंपीणबाईला ओरडून सांगितलं, तिने मशीन थांबवून पुढच्या घरात सांगितलं, आणि दुपारपर्यंत दूधवालाही विचारायला लागला की उंदरांचं काय झालं. अजून पानं इथेच आहेत म्हटलं, धीर धरा.

कृती लिहिते. एक मोठा पेला तेल, तीन ओंजळी पानं. ओंजळ कुणाची म्हणून विचारू नकोस, माझी, आणि तुझ्यासाठी ती आज काट्यावर तोलली, सव्वाशे ग्रॅम भरली. पानं जाडसर ठेचायची, बारीक वाटायची नाहीत. मंद आचेवर तेल तडतडायचं थांबेपर्यंत ठेवायचं, मग झाकून दुसऱ्या दिवशी गाळायचं. झालं. एवढ्यासाठी तुमची एवढी मोठी इमारत!

पानं मात्र बघशील तर बघतच राहशील. तीन दिवस निवडत होते. वेल आधी साबणाच्या पाण्याने धुतली, सगळी घाण, किडेमकोडे काढले, आणि नवी तुकतुकीत पानं एकेक करून खुडली. डाग असलेलं एक पान सापडलं तर मला सांग. चार शिकलेली माणसं बघणार, त्यात आपलं नाक कापलं जायला नको. भाजीच्या टेम्पोवाल्याला खोका मांडीवर घेऊन जायला सांगितलंय. तो हो म्हणालाय, पण त्याच्या मांडीचा मला भरवसा नाही.

इथला नवा डॉक्टर मला काय म्हणाला, ते तुला सांगितलं नव्हतं. म्हणाला, "आजी, तुमच्या तेलात काही नाही, चोळल्याने जरा बरं वाटतं, एवढंच." आजी म्हणाला ते सोड. पण तेव्हापासून मनात किडा वळवळतोय. तुझ्या आतोबांनी तीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, दिवसभर गुडघ्यांवर. संध्याकाळी गुडघे पपईएवढे होऊन यायचे. बावीस वर्षं मी रोज तेल चोळलं आणि रोज ते एकच वाक्य बोलायचे, "बरं वाटतंय." त्या माणसाने दुसऱ्या कशाला कधी बरं म्हटलं नाही. जेवणाला "चालेल", माझ्या नव्या चष्म्याला "दिसतंय ना, झालं". त्यामुळे ते एक "बरं वाटतंय" मी जपून ठेवलंय. ते खरं होतं की नाही, एवढंच आता तुझ्या उंदरांनी सांगायचं.

लवकर लाव कामाला त्यांना.

आत्या

१४ जुलै

प्रिय आत्या,

हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहितेय, त्यामुळे सरळ सांगते. काही झालं नाही.

म्हणजे परीक्षा नीट झाली. पानं इतकी देखणी होती की मॅडम म्हणाल्या, ही तेलात कशाला, फुलदाणीत ठेवा. तेल मी तुझ्या कृतीने केलं, काट्यावर तोलून, घड्याळ लावून. पण ज्या कानांना तुझं तेल लावलं आणि ज्यांना नुसतं साधं तेल लावलं, त्यांच्या जाडीत सांगण्यासारखा फरक नाही. दोनदा केलं. दुसऱ्यांदाही तेच.

म्हणून लोकांना बरं वाटत नाही असं नाही, आत्या. चोळल्यानेही बरं वाटतं, तो डॉक्टर अगदीच चूक नाही. आणि आतोबाही कदाचित तुला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. ते काय वाईट आहे? उलट किती गोड आहे!

माझं संशोधन थांबत नाही, अकरा झाडं आहेतच. तू वाईट वाटून घेऊ नकोस. घेतलंस तर मला लिही.

भिंगरी

२० जुलै

भिंगरे,

तुझं पत्र पोचलं. वाईट वाटून घेतलेलं नाही. राग आलाय, तो वेगळा.

तुझा नाही. तू मोजलंस, जे दिसलं ते लिहिलंस, ते बरोबर केलंस. पण आतोबांबद्दल जे लिहिलंस ते मागे घे. तो माणूस कुणाला बरं वाटावं म्हणून तोंड उघडणारा नव्हता. माझ्या भावाला, म्हणजे तुझ्या बाबांना, त्यांच्या नव्या घरात उभं राहून म्हणाले होते, "फरशी वाकडी बसलीय." पहिल्याच दिवशी, पाहुण्यांसमोर! असा माणूस बावीस वर्षं रोज संध्याकाळी माझ्याशी खोटं बोलेल? आणि बोलला असेल, तर मग मी कुणाबरोबर संसार केला? ते गोड वगैरे तुझ्या वयाला वाटतं. मला ते गोड वाटत नाही. मला एक माणूस माहीत होता, आणि आता तो मला माहीत नाही.

परवापासून तेल देणं बंद केलंय. आठ जणी आल्या होत्या, त्यांना सांगितलं, यात काही नाही, मोजून झालंय. शिंपीणबाई म्हणाली, मोजणारे गेले उडत, माझा खांदा चोळ. तिलाही नाही म्हटलं. ज्यात काही नाही ते मी कुणाला लावणार नाही. ती आता माझ्याशी बोलत नाही, नुसती मशीन जोरजोरात चालवते.

वेलीला पुन्हा नवी पानं फुटलीत. पूर्वी भोकं पडलेली, अळीने कुरतडलेली पानं काढून मी तेलाला घ्यायची. आमची आई तशीच करायची. चांगली पानं वेलीची, खाल्लेली आपली. चांगली खुडली तर वेल जगणार कशावर? आता ती खाल्लेली पानंही नकोत आणि चांगलीही नकोत. राहू दे तिला तशीच भिंतीवर.

तू जेवतेस ना वेळेवर?

आत्या

२३ जुलै

आत्या! आत्या! आत्या!

तुझं पत्र मी जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच इतक्या जोरात किंचाळले की प्राणिघरातले दादा हातात उंदीर घेऊन धावत आले.

तू तेलाला खाल्लेली पानं घेतेस? नेहमी? तुझी आईही? आणि मला पाठवलीस ती धुतलेली, निवडलेली, डाग नसलेली? अगं, मग मी तुझं तेल तपासलंच नाही! मी भलतंच काहीतरी तपासलं!

नीट ऐक. झाडाला पळून जाता येत नाही. अळी पान खायला लागली की झाड बचावासाठी पानात वेगळीच द्रव्यं तयार करतं, जी न खाल्लेल्या पानात नसतात, किंवा नावापुरती असतात. सूज उतरवणारी गोष्ट त्यातलीच असू शकते. असू शकते म्हणतेय हं, आहे म्हणत नाही. पण तू कृतीत ओंजळ तोललीस, आच सांगितलीस, ठेचायचं किती ते सांगितलंस, आणि जे सगळ्यांत मोठं, तेच सांगितलं नाहीस! का, तर नाक कापलं जाईल म्हणून!

मी तुझ्यावर रागावलेली नाही. मी नाचतेय. आतोबांबद्दल लिहिलेलं सगळं मागे घेते, शब्द न् शब्द.

अळी लागलेली पानं तोड, जितकी असतील तितकी. न धुता! एक थेंब पाणी लावू नकोस! मी आजच मॅडमच्या मागे लागते.

भिंगरी

१ ऑगस्ट

भिंगरे,

पत्र वाचून आधी कपाळावर हात मारला, मग स्वतःला चार शिव्या घातल्या, मग वेलीकडे पळाले. आणि तिथे बघते तर काय. एकही अळी नाही! साबणाच्या पाण्याने मीच सगळ्या मारल्या की. नवी पानं तुकतुकीत, एकालाही भोक नाही. आयुष्यात पहिल्यांदा चांगली वेल बघून रडायला आलं.

शिंपीणबाईच्या दारात गेले. म्हटलं, बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण अळ्या शोधायला चल. ती मशीनवरून उठली आणि म्हणाली, "कसली अळी?" म्हटलं, हिरवी, पाठीवर पिवळी रेघ, डिवचली की डोकं उचलून बघते ती. या वेलीवर तीच चढते. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी. भिंगरे, तुला सांगते, लोक अळ्या घालवायला धडपडतात आणि इथे अख्खी गल्ली अळ्या आणायला निघाली. कुणी डब्यात, कुणी काडेपेटीत, एकीने तर पर्समध्ये आणल्या आणि विसरली. मग तिच्या घरी जो गोंधळ झाला तो वेगळा लिहीन.

शंभर तरी आल्या असतील, त्यातल्या नव्वद भलत्याच. केसाळ, काळ्या, एक तर गोगलगाय. दूधवाल्याने सुरवंट आणला आणि मला शास्त्र शिकवायला लागला. दहा बरोब्बर निघाल्या. त्या वेलीवर सोडल्या आणि मी आणि शिंपीणबाई समोर खुर्च्या टाकून बसलो. खातायत की नाही! अडीच तास डोकी उचलून आमच्याकडेच बघत बसल्या. मग एकीने तोंड लावलं. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

दोन आठवडे तरी लागतील. तोवर मॅडमना पटवून ठेव. मी जेवते, काळजी करू नकोस. अळ्याही जेवतात.

आत्या

५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

मॅडमसमोर मी अर्धा तास बोलले. शेवटी त्या म्हणाल्या, "तीस उंदरांची परवानगी उरलीय. त्यानंतर वर्षभर नाही. आणि तू आत्याच्या प्रेमात आहेस, तेव्हा तू कशालाच हात लावायचा नाहीस."

म्हणजे असं. तेल आता तू कर, तीन बाटल्या. एकीत खाल्लेल्या पानांचं, दुसरीत चांगल्या पानांचं, तिसरीत नुसतं तेल. तिन्ही सारखी दिसली पाहिजेत, नाहीतर रंगावरून ओळखू येतील. बाटल्यांना तीन वेगळ्या रंगांचे दोरे बांध आणि कुठला दोरा कशाचा ते मला सांगू नकोस! मॅडमनाही नाही. ते फक्त तुला माहीत असेल. तसं कागदावर लिहून पाकीट बंद करून ठेव, निकाल लागल्यावर मॅडमना पाठव.

तीस उंदरांचे पाच गट, सूज सगळ्यांनाच आणायची. तीन गटांना तुझ्या तीन बाटल्या, चौथ्याला दुकानात मिळणारं मलम, पाचव्याला काहीच नाही, हातही लावायचा नाही. चोळणार प्राणिघरातले दादा. सगळ्यांना एकाच बोटाने, मोजून दहा वेळा. मापं घेणार दुसरीच मुलगी. या वेळी दुखणंही मोजणार आहोत, म्हणून तेच झोंबणारं औषध आणि तेच चोळणं एका पंजालाही. सुजलेल्या पंजावर हळूहळू दाब वाढवत न्यायचा आणि उंदराने पाय ओढून घेतला की लगेच थांबायचं. किती ग्रॅमला ओढला, ते लिहायचं.

आत्या, हे शेवटचं. यातही काही निघालं नाही तर मी पुन्हा विचारू शकणार नाही. तुला आधीच सांगते, कारण मागच्या वेळी आपण दोघींनी निकालाआधीच गुलाल उधळला होता.

(तरीही मला वाटतंय, आत्या! खूप वाटतंय!)

भिंगरी

१९ ऑगस्ट

भिंगरे,

खोका पाठवतेय. टेम्पोवाल्याला या वेळी मांडी नको म्हटलं, शेजारची सीट दे. त्याने खोक्याला पट्टा बांधला.

पानं कशी खाल्लीत म्हणून सांगू! चाळणी नुसती. दहाच्या दहा अळ्या आता टुमटुमीत झाल्यात. नुसत्या तेलाला हिरवा रंग यायला पालक घातला. शिंपीणबाईची युक्ती. तिन्ही बाटल्या उन्हात धरून बघितल्या, मलाही ओळखता येईनात, मग घाबरून, ठेवलेला क्रम विसरायच्या आत पटकन दोरे बांधले. लाल, काळा, पांढरा. कुठला कशाचा ते कागदावर लिहिलंय. शिंपीणबाईला पाकिटात कागद घालून वर कापडाची शिलाई मारायला सांगितली. तिने दुहेरी मारली. माझा माझ्यावर विश्वास आहे, पण तिचा नाही.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. आतोबा गेल्याला सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत मी त्यांच्याशी जितकी भांडले नव्हते तितकी या महिन्यात भांडले. पानं ठेचताना म्हणते, बोला, खरं होतं ना? काही बोलत नाहीत. तेव्हाही बोलायचे नाहीत म्हणा.

तेल अजून कुणाला देत नाही. अंगणात येऊन बसतात नुसत्या. मी चहा देते आणि सांगते, उंदीर काय म्हणतात बघू.

निकाल कसाही लागला तरी जसा आहे तसा लिही. गोड करून लिहू नकोस.

आत्या

७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

निकाल!

गोड करून लिहीत नाही. आकडेच लिहिते, कारण आकड्यांखेरीज मला काही माहीत नाही, आणि त्यामुळे मला वेड लागायची पाळी आलीय.

कान किती जाड झाला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. हात न लावलेले, तीस. पांढरा दोरा, एकोणतीस. लाल दोरा, सव्वीस. काळा दोरा, चौदा. दुकानातलं मलम, अकरा.

चौदा, आत्या! निम्म्याहून कमी! मापं घेणाऱ्या मुलीने यंत्र बिघडलं म्हणून दुसरं आणलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं.

आता दुखणं. किती ग्रॅम दाबाला पाय ओढला. जितका आकडा मोठा तितकं दुखणं कमी. हात न लावलेले, साठ. पांढरा, बहात्तर. लाल, चौऱ्याहत्तर. काळा, एकशे अठरा. मलम, एकशे तीस.

मॅडमनी कागद तीनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा वाचला. मग म्हणाल्या, "काळ्यात काय आहे?" मी म्हटलं, ते या जगात एकाच बाईला ठाऊक आहे आणि तिला फोनवर ऐकू येत नाही. यंदाचं दुसरं हसू!

हात न लावलेले आणि पांढरा यांच्यात दुखण्याचा थोडा फरक दिसतोय, पण मॅडम म्हणतात तो छोटा आहे, योगायोगही असेल, निबंधात त्यावर शब्द खर्च करायला नकोत. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. तू काळा बघ. काळा! काळ्यात काय घातलंस?

पाकीट मॅडमना पाठव, पण त्याआधी शिंपीणबाईच्या फोनवरून मला फोन कर आणि एकच शब्द सांग. मी दिवसभर फोन हातात धरून बसणार आहे. दादाही.

भिंगरी

१२ सप्टेंबर

भिंगरे,

फोनवर "अळीचा!" एवढंच ओरडले, कारण तुझं तिकडचं किंचाळणं मला ऐकू आलं, म्हणजे बघ किती जोरात असेल. मग शिंपीणबाईने फोन हिसकावून घेतला आणि ती काय काय बोलली ते तिचं तिलाच माहीत. तिचा हात खांद्यावरून वर जात नव्हता तो परवा चांगला वर गेला होता, फोन हिसकावण्यापुरता.

पाकीट शिलाईसकट मॅडमना पाठवलंय. काळा अळीचा, लाल चांगल्या पानांचा, पांढरा पालकाचा. त्यांनी स्वतः उसवू दे.

अंगण पुन्हा भरलंय. पण आता मी आधी हात लावून बघते. सांधा गरम असेल, ताप असेल, तर तेल नाही, आधी डॉक्टर. उरलेल्यांना सांगते, यात काय आहे आणि किती आहे. दुकानातल्या मलमापेक्षा थोडं कमी आहे, हेही सांगते. एक जण म्हणाली, "मग मलमच घेते." म्हटलं, घे. डॉक्टरला तुझा आकड्यांचा कागद नेऊन दाखवला. त्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि मला बसायला खुर्ची दिली. आजी म्हणायचा तो बाई म्हणाला.

आता आतोबांचं. पहिले दोन दिवस मी घरात एकटीच हसत होते. म्हणजे ते खरंच बोलत होते! बावीस वर्षं, रोज. मला माझा माणूस जसा होता तसा परत मिळाला. त्यांच्या फोटोसमोर उभी राहून म्हटलं, माफ करा, संशय घेतला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता डोक्यात आलं की मग त्या माणसाने आयुष्यात बरं म्हटलं ते अळीच्या तेलाला! मला नव्हे. मी फक्त ते चोळणारी. तेल खरं ठरलं आणि मी उरलेच नाही कुठे. भिंगरे, तुला हसू येईल, पण मी तोंड न धुता तशीच बसले. वाटलं, ते खोटंच बोलले असते तर बरं झालं असतं. निदान माझ्यासाठी बोलले असते.

मग तुझा कागद पुन्हा काढला. तू लक्ष देऊ नकोस म्हणालीस, तिथेच लक्ष दिलं. हात न लावलेले, साठ. पांढरा, बहात्तर. पांढऱ्यात काय होतं ते जगात मला एकटीला माहीत होतं, तेव्हा मलाच ते कळायला हवं होतं. साधं तेल आणि रंगापुरता पालक. सूज उतरली नाही, बरोबर. तीस काय, एकोणतीस काय. पण दुखणं बारा ग्रॅमने कमी. ते बारा कशाचे? तेलाचे नाहीत, पालकाचे नाहीत. तुमच्या दादांच्या बोटाचे आहेत. एका अनोळखी माणसाचं एक बोट, मोजून दहा वेळा, आणि उंदराला तेवढं बरं वाटलं. माझे तर दोन्ही हात होते, आणि मी कधी मोजलं नव्हतं.

मॅडम योगायोग म्हणतात. मोठ्या बाई आहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण त्यांना सांग, बावीस वर्षं रोज संध्याकाळी योगायोग होत नसतो. पुन्हा परवानगी मिळेल तेव्हा पुन्हा मोजा, आणि चूक निघाली तर मला जशीच्या तशी कळवा, मी ऐकून घेईन. पण आत्ता जे तुमच्याच यंत्राने सांगितलंय, ते निबंधात लिहा. अळीचं सगळं श्रेय अळीला द्या, वेलीला द्या, माझ्या आईला द्या, मला नको.

फक्त ती पांढऱ्या दोऱ्याची ओळ गाळू नका. ती माझी आहे.

आत्या